मंदीत वर्कशॉप किती दिवस तग धरेल?

धंदा मंदावला की ‘चिकाटी सोडू नका’ असं सांगणारे पैशाला पासरी भेटतात. गल्ल्यात किती दिवसांची चिकाटी शिल्लक आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून भोसरी-चाकण पट्ट्यातल्या दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी, धातू कापून सुटे भाग करणारी) मशीनच्या जॉबवर्क शॉपचा, म्हणजे दुसऱ्याचं काम मजुरीवर करून देणाऱ्या वर्कशॉपचा, हिशोब मांडतो. आकडे समजुतीपुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.

भाडं ३५ हजार, मशीनचे हप्ते ६२ हजार, दोन ऑपरेटर आणि हेल्परचा पगार ६६ हजार, विजेचा स्थिर आकार १४ हजार, किरकोळ १३ हजार. मशीन फिरो न फिरो, महिन्याला १ लाख ९० हजार जाणारच. दर तासाला ४०० रुपये आणि त्यातून वीज, इन्सर्ट (कापणारी पाती), कूलंटचे १०० गेले, की हातात ३०० राहतात. म्हणजे ६३३ तास विकले तर ना नफा ना तोटा. दोन मशीन, रोज १४ तास, गुरुवारच्या सुट्ट्या वगळून २५ दिवस धरले तर एकूण ७०० तासच होतात. चांगल्या दिवसांतही अंगावर फारसं मांस नाही, हे इथेच कळतं.

आता काम ४०० तासांवर आलं, तर महिन्याला ७० हजारांचा खड्डा. खात्यात २ लाख १० हजार असतील तर तीन महिने. अशा वेळी कुणी २६० रुपये तासाने १५० तासांचं काम देऊ केलं तर ‘या दरात परवडत नाही’ म्हणून परत पाठवू नका. मशीन नाहीतरी उभंच आहे. १०० रुपये खर्च जाऊन तासाला १६० सुटतात, खड्डा ४६ हजारांवर येतो आणि तीन महिन्यांचे साडेचार होतात. अट दोनच: पेमेंट पंधरा दिवसांत आणि माल पार्टीचा. ९० दिवसांच्या उधारीवर हेच काम घेतलं, तर इन्सर्ट आणि विजेचे पैसे आपल्याच खिशातून जातात. शिवाय हा दर मुदतीचा आहे, असं कोटेशनवर तारखेसह लिहा. नाहीतर पुढच्या वर्षी तोच तुमचा दर होतो.

खर्च कापताना पहिला हात सेटरवर, म्हणजे नवा जॉब मशीनवर बसवून देणाऱ्या ऑपरेटरवर पडतो, कारण त्याचा पगार सगळ्यांत मोठा. तो सर्वांत शेवटी कापायचा. सेटर गेला की पुढच्या ऑर्डरचं पहिलं सेटिंग दुप्पट वेळ खातं, रिजेक्शन वाढतं आणि उरलेली पार्टीही हलते. त्याआधी ओव्हरटाइम थांबवा. दुसरी पाळी रोज अर्धी चालवण्यापेक्षा आठवड्यातले तीनच दिवस पूर्ण चालवा.

पुढच्या तेरा आठवड्यांचा रोकडीचा तक्ता करा: सुरुवातीची शिल्लक, येणारे, जाणारे. येणं बिलावरच्या तारखेने लिहू नका, ती पार्टी खरंच कधी पैसे टाकते त्यावरून लिहा. बहुतेक पेमेंट दानतीमुळे नाही, कागदामुळे अडकतं. माल उतरला पण जीआरएन (माल मिळाल्याची पार्टीकडची नोंद) झालं नाही. दहा पीस रिजेक्ट झाले, ती रक्कम कापायच्या डेबिट नोटवर कुणाची सही नाही, म्हणून अख्खं बिल थांबलं. दर बदलला, पण पीओची (लेखी खरेदी ऑर्डरची) दुरुस्ती आली नाही. आणि हल्लीचं नेहमीचं दुखणं म्हणजे बिल पार्टीच्या टू-बीमध्ये, म्हणजे तिला खरेदीवरच्या जीएसटीची वजावट दाखवणाऱ्या विवरणात, दिसत नाही. तुम्ही जीएसटीचं तिमाही रिटर्न भरत असाल तर तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफमध्ये (जीएसटी पोर्टलवर बिलं चढवायची सोय) चढवा. टू-बी १४ तारखेला तयार होतं. एक दिवस चुकला की बिल महिनाभर मागे. खरेदी विभागाला दहा फोन करण्यापेक्षा अकाउंट्समधल्या माणसाला विचारा, ‘कोणता कागद कमी आहे?’

सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. थकलेल्या पैशांसाठी सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, पण चालू पार्टीवर ती केली की पुढची ऑर्डर विसरायची. काम बंद केलेल्या पार्टीसाठी मात्र जरूर वापरा. चालू पार्टीला उद्यम प्रमाणपत्र (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंदणीचा कागद) आधीच पाठवून ठेवा. मुदत उलटून राहिलेली रक्कम तिला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये त्या कागदाला वजन येतं.

देताना क्रम लागतो. कामगारांच्या पगारातून कापलेला पीएफ आणि टीडीएस आधी. तो पैसा आपला नसतोच. मग पगार, मग वीज. जीएसटीला उशीर झाला तर १८ टक्के व्याज लागतं, आणि सलग दोन थ्री-बी (कर भरायची जीएसटी रिटर्न) राहिले तर माल पाठवायला लागणारं ई-वे बिल बंद होतं, म्हणजे तयार मालही दारातच. टूलिंगवाल्याला (इन्सर्ट, हत्यारं देणाऱ्याला) फोन करून थोडे थोडे द्या. फोन न उचलणाऱ्याला तो पुढचा माल रोखीनेच देतो.

बँकेत पहिला हप्ता चुकण्याआधी जा. थकबाकी सुरू झाली की खातं एसएमएच्या, म्हणजे बँकेचं लक्ष असलेल्या खात्यांच्या, यादीत जातं आणि ९० दिवस उलटले की एनपीए, म्हणजे बुडीत. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी पुनरुज्जीवनाची चौकट आहे. धंदा बुडेल अशी रास्त भीती असेल तर मालक स्वतःही अर्ज करू शकतो. सोबत तेरा आठवड्यांचा तक्ता आणि हातातल्या पीओ न्या. सीसी (कॅश क्रेडिट खातं) असेल तर ९० दिवसांपुढचं येणं बहुधा ड्रॉइंग पॉवरमधून, म्हणजे उचलता येणाऱ्या रकमेच्या हिशोबातून, वगळलं जातं, म्हणजे पार्टी थकली की लिमिटही आक्रसतं. रोजच्या वसुलीचं खाजगी कर्ज काढून मशीनचा हप्ता भरू नका. ते कर्ज तक्त्यात घालून बघा, चौथ्या-पाचव्या आठवड्यात कळेल.

थांबायचा आकडा डोकं थंड असताना कागदावर लिहा. उदाहरणार्थ, सलग तीन महिने ४५० तासांखाली आणि शिल्लक एका महिन्याच्या खर्चापेक्षा कमी, की एक मशीन विकायचं. ते वीज जोडलेली असताना, चालू स्थितीत विका. घेणारा स्पिंडल (हत्यार फिरवणारा दांडा) फिरवून, रनआउट आणि बॅकलॅश, म्हणजे त्याचा डगमग आणि मशीनमधली ढिलाई, मोजून दर ठरवतो. बंद मशीनला तो भंगाराच्या जवळपासचा भाव सांगतो. आणि मशीन बँकेकडे तारण असतं, म्हणून गिऱ्हाईक शोधण्याआधी बँकेची लेखी परवानगी घ्या.