आषाढात वर जाणारी इमारत

आमची इमारत दर पावसाळ्यात वर जाते. घोडबंदर रस्त्यालगतच्या या इमारतीची ही सवय गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीला अद्याप कळलेली नाही. कळली असती, तर तेवढ्या उंचीचे देखभाल शुल्क एव्हाना लागू झाले असते. माझ्या मनगटावरच्या घड्याळाच्या हिशेबाने मात्र जानेवारीत समुद्रसपाटीपासून साधारण ५० मीटरवर असलेला आमचा दिवाणखाना आषाढात १३० मीटरच्या पुढे पोहोचतो, आणि दिवाळीनंतर सावकाश खाली उतरतो.

डोंगर भटकणारी माणसे जी घड्याळे वापरतात, त्यांत उपग्रहांवरून जागा शोधण्याची सोय असते. पण उंचीसाठी त्यांतली चांगली घड्याळे हवेच्या दाबावर विसंबतात, कारण उपग्रहांवरून काढलेल्या उंचीत आडव्या अंतरापेक्षा जास्त चूक राहते. शिवाय उपग्रहांचा मूळ हिशेब पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारावरून होतो, आणि आपल्या किनाऱ्यावर खरी समुद्रसपाटी त्या आकाराच्या साठेक मीटर खाली आहे. घड्याळे व फोन ही दुरुस्ती स्वतःच करून घेतात. ती न करता कच्चा आकडा पाहिला, तर ठाण्याच्या खाडीकाठी उभा असलेला माणूस बुडालेला निघतो. उपग्रह बुडवतो आणि हवा तरंगवते, अशा दोघांच्या साक्षीतून उंची ठरवायची असते.

हवेची साक्ष साधी आहे. आपण चढू लागलो की डोक्यावरचा हवेचा थर कमी होतो आणि दाब उतरतो. हा दाब हेक्टोपास्कलांत, म्हणजे शंभर-शंभर पास्कलांत मोजतात. किनाऱ्यालगत एक हेक्टोपास्कल दाब उतरला, तर घड्याळ साधारण साडेआठ मीटर चढाई नोंदवते. दाब आपण चढल्यामुळे उतरला की आभाळामुळे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात समुद्रसपाटीचा सरासरी दाब जानेवारीत १०१४ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. उन्हाळ्यात वायव्य भारताची जमीन तापते, तिथली हवा वर उठते, कमी दाबाचा मोठा पट्टा तयार होतो, आणि जुलैत आपल्याकडचा आकडाही १००४ च्या आसपास येतो. हे दहा हेक्टोपास्कल म्हणजेच आमच्या इमारतीची वार्षिक चढाई.

याहून मजेची गोष्ट रोज घडते. उष्ण कटिबंधात हवेलाही भरती-ओहोटी असते. ओझोन आणि पाण्याची वाफ यांनी शोषलेल्या सूर्याच्या उष्णतेमुळे वातावरणात बारा तासांची एक लाट फिरत राहते. तिच्यामुळे सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास दाब सर्वांत जास्त असतो, तर पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. खाडीच्या भरतीचे वेळापत्रक चंद्रामुळे रोज पाऊणएक तास पुढे सरकते. ही भरती सूर्याची नोकर असल्यामुळे वेळेची पक्की आहे. फरक सुमारे तीन हेक्टोपास्कलांचा, म्हणजे पंचवीस मीटरांचा. कार्यालयात सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत खुर्चीत बसलेला मनुष्य घड्याळाच्या लेखी आठ मजले चढतो, आणि ते श्रेय नाकारण्याइतकी नीतिमत्ता माझ्या ओळखीच्या कोणाकडेही नाही.

उपवन तलावापासून येऊरच्या पाटोणपाड्यापर्यंतच्या सकाळच्या फेरीत या सगळ्याने काही बिघडत नाही. वाट ओळखीची असते आणि तासाभरात भरती कितीशी सरकणार? माहुलीसारख्या दिवसभराच्या चढाईत मात्र बिघडते. सकाळी आसनगावहून निघून पायथ्याच्या गावी उंची लावून घ्यावी, दिवसभर गड पाहावा आणि चारच्या सुमारास त्याच झाडाखाली परतावे, तर झाड पंचवीस मीटर वर गेलेले असते. श्रावणातल्या पावसात याहून वाईट घडते, कारण घड्याळाच्या कडेला दाबासाठी जी बारीक छिद्रे ठेवलेली असतात त्यांत पाणी अडकते आणि उंचीच्या आलेखावर नसलेले कडे उभे राहतात. घरी आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुणे हा त्यावरचा उपाय. घामाचे मीठ त्या छिद्रांत वाळू देणे म्हणजे पुढच्या खेपेचा गोंधळ आजच करून ठेवणे होय.

भरतीवरचा उपाय मात्र जुना आहे. फ्रान्समध्ये ब्लेझ पास्काल या गणितज्ञाच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिए १९ सप्टेंबर १६४८ रोजी पाऱ्याची नळी घेऊन प्वी द दोम हा डोंगर चढला आणि माथ्यावर पारा जवळजवळ साडेआठ सेंटीमीटर खाली उतरल्याचे त्याने पाहिले. हवेला वजन असते, याचा तो प्रसिद्ध पुरावा. मला त्यातला दुसरा भाग अधिक आवडतो. पेरिएने तशीच दुसरी नळी खाली क्लेरमाँ गावातल्या मठाच्या बागेत ठेवली होती, आणि दिवसभरात तिच्यातला पारा हलतो का, हे पाहायला एका धर्मगुरूला बसवले होते. तो हलला नाही, म्हणून डोंगरावरचा फरक डोंगराचा ठरला. नळी घेऊन चढणाऱ्याचे नाव सर्वांच्या लक्षात राहते; खाली बसून काहीच घडत नसल्याची नोंद ठेवणाऱ्यावाचून मात्र तो प्रयोग उभा राहिला नसता.

तोच मठ आमच्या दिवाणखान्यात खिडकीशेजारी आहे. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला बीएमपी २८० नावाचा सेन्सर, त्याचे आकडे वाचणारा ईएसपी ३२ हा चिमुकला संगणक-बोर्ड, चार तारांचे सोल्डरिंग आणि जुन्या साबणाच्या डबीचे घर, एवढ्यावर तो चालतो. सेन्सर अडीच मिलिमीटरांहून मोठा नाही. आत सिलिकॉनचा एक पातळ पडदा असतो आणि हवेच्या दाबाने तो किती वाकला, यावरून आकडा निघतो. सलगच्या मोजमापांत एका मीटरच्या उंचीचा फरक तो ओळखतो. भटकंतीहून परतलो की घड्याळाच्या नोंदींतून या घरच्या नोंदीतला बदल वजा करायचा. ऋतू आणि रोजची भरती दोन्ही निघून जातात आणि उरतो तो फक्त डोंगर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा या घरच्या नोंदीच्या रेषेने रोजचे वेळापत्रक मोडून खाली सूर मारला होता. एरवी ती इतकी शहाणी असते की वाऱ्याच्या दिवशी मुख्य दरवाजा धाडकन बंद झाला, तर तेवढाच एक काटा दाखवून पुन्हा आपल्या कामाला लागते.

धर्मगुरूची जागा आईकडे आहे. ती घरी असते, डबीवरच्या लहान पडद्याकडे तिचे लक्ष असते आणि तिचा प्रश्न ठरलेला असतो: “अरे, तुझी रेषा वर आहे की खाली? गोधड्या वाळत घालू का?” या प्रश्नापुढे वायुभारमापक हतबल आहे. युरोपात दाब उतरला की पाऊस, असा ढोबळ नियम घरोघरी चालत आला. आपल्याकडे रोजची भरतीच इतकी मोठी असते की दोन तासांनी येणाऱ्या सरीचा मागमूस त्या रेषेत लागत नाही. गोधड्यांसाठी कुलाब्याच्या रडारचे चित्र पाहावे लागते, आणि आईचा त्यापेक्षा येऊरच्या डोंगरावर उतरलेल्या ढगावर जास्त विश्वास आहे. तो बहुतेक वेळा योग्य ठरतो.

आईमुळेच घरात दाबाचे दुसरे यंत्र आले. रक्तदाब दवाखान्यात गेल्यावर वाढलेला दिसतो, घरी नसतो, असे अनेकांचे होते. म्हणून डॉक्टरांनी घरी नोंदी ठेवायला सांगितल्या. या यंत्राच्या आतही तसाच एक पडदा आहे. दंडावरचा पट्टा फुगतो, रक्ताची वाट अडवतो, मग हळूहळू सैल होतो, आणि त्या वेळी पट्ट्यात उमटणाऱ्या ठोक्यांच्या लहरींवरून यंत्र वरचा आणि खालचा आकडा गणिताने काढते. शिपिओने रिवा-रोच्ची या इटालियन डॉक्टरने १८९६ साली दंडाला पट्टा आणला आणि निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरने १९०५ साली स्टेथोस्कोपने ठोके ऐकण्याची रीत सांगितली. आजचे यंत्र ऐकत नाही, थरथर मोजते.

येथे मोजण्याच्या शिस्तीला डोंगराहून जास्त महत्त्व आहे. अर्धा तास आधी चहा नको, पाच मिनिटे शांत बसायचे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, पट्टा बाहीवर न बांधता उघड्या दंडावर, आणि दंड हृदयाच्या पातळीवर. हात दहा सेंटीमीटर खाली लोंबला, तर आकडा सात-आठने वाढतो. ते वजन तेवढ्या उंचीच्या रक्ताचे असते. पट्टा दंडाला लहान पडला तरी आकडा फुगतो. बोलायचे नाही, हा नियम आमच्या घरी सर्वांत अवघड, आणि मालिका चालू असताना मोजायचे नाही, हा त्याखालोखाल. घरच्या नोंदींची सरासरी १३५/८५ च्या वर राहू लागली की डॉक्टर तिची दखल घेतात. एका संध्याकाळच्या आकड्यावरून घाबरण्याचे कारण नसते. केवळ मनगटावरच्या प्रकाशावरून रक्तदाब सांगणाऱ्या घड्याळांच्या जाहिराती येत असतात. त्यांना आधी दंडाच्या पट्ट्याशी जुळवून घ्यावे लागते, तेव्हा मी मधला दलाल टाळून थेट पट्ट्याकडे जातो.

दोन्ही यंत्रांची एकके वेगळी असल्यामुळे त्यांची तुलना करायला मला बरेच दिवस सुचले नव्हते. रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरांत लिहितात. १३० मिलिमीटर म्हणजे सुमारे १७३ हेक्टोपास्कल. आता कळसूबाईचा माथा १६४६ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब ८३५ च्या आसपास असतो आणि ठाण्यात १०१० च्या. म्हणजे कसारा घाट ओलांडून, बारी गावातून, लोखंडी शिड्या चढून देवीच्या देवळापर्यंत पोहोचताना आपण हवेचा जेवढा भार मागे टाकतो, जवळजवळ तेवढाच दाब हृदय प्रत्येक ठोक्याला निर्माण करते. मिनिटाला सत्तर वेळा, झोपेतसुद्धा. आणि त्याची जाणीव कोणाला होते? मला होत नाही, आईलाही होत नाही. १३० चा १५० झाला तरी बहुतेकांना काहीच वाटत नाही. पट्टा घरात ठेवावा लागतो तो याचसाठी. शरीराला मोठा दाब कळत नाही, वेगाने बदलणारा कळतो. कसारा घाटात गाडी भराभर चढते तेव्हा कानाला दडा बसतो आणि आवंढा गिळला की सुटतो. पायी चढताना, तेवढीच उंची असूनही, कान गप्प राहतो. आषाढातली आमची ऐंशी मीटरची चढाई इमारतीतल्या एकाही माणसाला जाणवत नाही, याचे कारण तेच.

याच कानाची दुसरी बाजू मला टीव्हीसमोर दिसते. घरचे ध्वनिक्षेपक मी स्वतः जुळवले आहेत, त्यामुळे ध्वनी मोजण्याचा एक मायक्रोफोनही घरात आहे. आणि ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातले भराभर होणारे बदलच. समोरच्याशी नेहमीच्या आवाजात बोललेले वाक्य साधारण ६० डेसिबलचे असते. त्यातला दाबाचा चढउतार ०.०२ पास्कल इतका, म्हणजे डोके दोन मिलिमीटरांहूनही कमी वर उचलल्यावर होणाऱ्या फरकाएवढा. नीरव शांततेत ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज त्याच्याही हजारपट खाली असतो. पंचवीस मीटरांची भरती ज्याला कळत नाही, त्या कानाला शेजारच्या खोलीत कोणी आपले नाव घेतले की कळते.

दिवाणखान्यात मात्र हा दाब सगळीकडे सारखा पसरत नाही. आमची खोली साडेतीन मीटर लांब आहे. त्या लांबीत सुमारे ५० हर्ट्झचा सूर भिंतींत अडकून राहतो, भिंतीशी तो सर्वांत जोराचा आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. ठाण्यातल्या सदनिकेत सोफा भिंतीलाच लागतो, म्हणून त्यावर बसणाऱ्याला डग्ग्याचा घुमारा गाण्यावर स्वार झालेला ऐकू येतो. सोफा मीटरभर पुढे ओढावा, हा शास्त्रशुद्ध प्रस्ताव ये-जा करायला वाट राहत नाही या कारणास्तव फेटाळला गेला. मग ५० हर्ट्झवर काही डेसिबलची कात्री लावली. सोफ्यावरून आईला नाट्यगीतातला ठेका आता स्वच्छ ऐकू येतो. खोलीच्या मध्यावर आरामखुर्ची टाकून बसणाऱ्या पत्नीला डग्गा आधीच कमी होता, तो आता उरलाच नाही, आणि तिची तक्रार सध्या विचाराधीन आहे.