कांदा चिरणारी बाई

कांदा चिरताना डोळ्यांना पाणी आलं की आपण काय करतो, हातातली सुरी खाली न ठेवता तसाच हात उलटा करून मनगटाने डोळा पुसतो ना? अगदी हेच मी एका अमेरिकन चित्रात बघितलं, १८५२ च्या आसपासचं, आणि मग दोन दिवस त्या चित्रकर्तीच्याच मागे लागले. लिली मार्टिन स्पेन्सर नाव तिचं.

जन्म १८२२, इंग्लंडमध्ये, आईवडील फ्रेंच. ती आठेक वर्षांची असताना सगळे अमेरिकेला गेले, पुढे ओहायोत मॅरिएटाला शेतावर राहिले, तिथे या पोरीने कोळशाने घराच्या भिंती चित्रांनी भरून टाकल्या! घरच्यांनी ओरडून थांबवलं नाही हे किती मोठं, उलट चित्रकला नीट शिकायला मिळावी म्हणून वडील तिला घेऊन सिनसिनाटीला गेले.

१८४४ मध्ये बेंजामिन स्पेन्सरशी लग्न झालं. तेरा बाळंतपणं, त्यातली सात मुलं जगली. आणि एवढ्या सगळ्यात घर चालायचं ते तिच्या ब्रशवर, नवरा घरकाम बघायचा, तिच्या चित्रांच्या कामातही मदत करायचा. त्या काळात! तिच्या चित्रांच्या छापील प्रती घरोघरी लागल्या, पण तिच्या हातात पैसा कमीच आला आणि ओढाताण काही संपली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तिची चित्रं गोडगोड आहेत असं पहिल्यांदा वाटतं, पण थोडं थांबून बघा. १८५४ च्या 'शेक हँड्स?' मध्ये कणीक मळणारी बाई पिठाने माखलेला हात थेट आपल्यापुढे करते आणि हसते, तो हात इतका खरा आहे की बोटांना चिकटलेलं पीठ जाणवतं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चित्रात पहिल्यांदाच बाजाराला गेलेला तरुण नवरा, वर पाऊस, हातात छत्री सावरतोय आणि टोपलीतून सामान घसरतंय, मागून जाणारा माणूस बघून हसतोय. लोकांना तेव्हा ही नुसती गंमत वाटली असेल, पण मला वाटतं ज्या घरात बाई कमावते आणि नवरा घर बघतो त्या घरातूनच हे चित्र येऊ शकतं, बाहेरच्याला ती टोपली अशी दिसलीच नसती.

१९०२ मध्ये ती गेली, त्या दिवशी सकाळीसुद्धा ती ईझलपुढे काम करत होती.