आमची वाटचाल : आतल्या बाजूचं काम

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या रेसिंग गाडीच्या बॉडीचा रंग दिसतो बाहेरून, लावायचा असतो आतून. बॉडी पारदर्शक पॉलीकार्बोनेटची, जाडी बहुधा ०.७५ किंवा १ मिलिमीटर. चकाकी असते ती त्या प्लॅस्टिकची. गाडी घासली तरी ओरखडा प्लॅस्टिकवर येतो, रंग आत सुरक्षित राहतो. पण याच कारणाने चांगलं काम आणि वाईट काम पहिल्या दिवशी काउंटरवर सारखंच चमकतं. आमच्या धंद्याने जे सोसलं ते यापायी, आणि आमचा जो काही अभिमान आहे तोही याच आतल्या बाजूचा आहे.

सुरुवात नागपूरच्या इतवारीत झाली, एका गाळ्याच्या मागच्या खोलीत. भांडवल म्हणजे एक छोटा कंप्रेसर, ०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश (हवेने रंग उडवणारं पेनाएवढं यंत्र) आणि आमचे पहिले भागीदार. त्यांना सगळे दादाच म्हणत. दादा मूळचे साइनबोर्ड पेंटर. सीताबर्डीतल्या दुकानांच्या काचांवर ते आतून उलटी अक्षरं काढत, रस्त्यावरून ती सुलटी वाचता येत. फ्लेक्स आणि रेडियम कटिंग आलं, ते काम बसलं. पण काचेला आतून रंगवणाऱ्याला जे हाताने कळलेलं असतं, तेच या कामाचं मूळ आहे: आधी लावलेलं पुढे दिसतं, नंतर लावलेलं मागे जातं. म्हणून बारीक रेघ आधी, भरणी नंतर. गडद रंग आधी, फिका नंतर. पिवळा आधी मारून मागून काळा दिला तर पिवळा मळका होतो. काळा आधी मारला तर मागून पिवळा आला काय नि पांढरा आला काय, काळ्याला फरक पडत नाही.

खिडकीची काळी किनार आजही आम्ही दादांच्याच रीतीने काढतो. खिडकीवर आतून लिक्विड मास्कचा, म्हणजे सुकल्यावर रबरासारखा सोलून निघणाऱ्या द्रवाचा, थर देतो आणि दोन रेघा कापतो. एक खिडकीच्या कडेवर, दुसरी तिच्या आत २ मिलिमीटरवर. मधली पट्टी सोलायची, काळा मारायचा, तो सुकला की खिडकीबाहेरचं मास्किंग काढून मुख्य रंग घ्यायचा. किनार अखंड येते आणि स्टिकरच्या किनारीसारखी धडकेत उचकटत नाही. लिक्विड मास्कचे ३ ते ४ भरपूर थर लागतात. थर पातळ राहिला की सोलताना तुकडे पडतात आणि नखाने खरवडायची वेळ येते. कापायला ११ नंबरचं कोरं पातं घ्यायचं, आणि चाकूचं स्वतःचं वजन असतं तेवढाच दाब. पातं बोथट झालं की हात आपोआप जोर लावतो, प्लॅस्टिकला चीर जाते आणि पहिल्या चांगल्या धडकेत बॉडी त्याच रेघेवर फाटते. पातं जपून वापरणाऱ्याने या कामात पडू नये.

त्याआधीचं धुणं तर कुणी मनावरच घेत नाही. साच्यातून सुटावी म्हणून लावलेल्या द्रवाचा अंश आणि हाताळणीतलं तेलकटपण आतल्या बाजूला राहिलेलं असतं. कोमट पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण, मऊ स्पंज, मग स्वच्छ पाण्याने खळाळून धुवायचं. त्यानंतर आतल्या बाजूला उघडं बोट लागता कामा नये, हातमोजे घालायचे. काही जण आतून स्कॉचब्राइट फिरवायचा आग्रह धरतात. आम्ही फिरवत नाही. खिडकीजवळ एक ओरखडा गेला की तो कायमचा, आणि नीट धुतलेल्या बॉडीवर योग्य रंग तसाही धरतो.

योग्य रंग म्हणजे पॉलीकार्बोनेटसाठीचाच. तामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या पीएस मालिकेचे १०० मिलिलिटरचे स्प्रेचे डबे यासाठी आहेत, त्याच कंपनीची टीएस मालिका साध्या स्टायरीन प्लॅस्टिकच्या मॉडेलसाठी. डबे दिसायला भावंडं, म्हणून घाईत चुकीचा उचलला जातो. पीएसचा रंग प्लॅस्टिकमध्ये किंचित चावतो आणि सुकल्यावरही लवचीक राहतो. बाकीचे रंग वर बसून राहतात आणि बॉडी वाकली की पापुद्रे सोडतात. डबा २० ते ३० सेंटिमीटरवरून चालवायचा. पहिला हात नुसत्या धुक्यासारखा, बॉडीतून पलीकडचं दिसलं पाहिजे. रंगाच्या दोन हातांमध्ये १० मिनिटं जाऊ द्यायची. एकदाच भरपूर मारला तर दोन गोष्टी होतात: रंग टेपखाली शिरतो, आणि ओला द्रावक प्लॅस्टिकवर बसून राहतो. तापवलेला पत्रा व्हॅक्यूमने साच्यावर ओढताना बॉडीच्या कोपऱ्यांत प्लॅस्टिक पातळ झालेलं असतं, तिथे ताणही अडकलेला असतो. द्रावक नेमका तिथेच घात करतो. बॉडी ठिसूळ झाल्याचं रंगवताना कळत नाही, ट्रॅकवर कळतं.

मागची भरणी, म्हणजे बॅकिंग, हा तर रंगाचा कणा. फ्लोरोसंट रंगामागे पांढरा हवाच, नाहीतर तो मेलेला दिसतो. पांढऱ्यामागे थेट काळा नको, मध्ये चंदेरी द्या. अर्धपारदर्शक रंगांमागे चंदेरी दिला की ते आतून उजळतात. शेवटचा थर काळा, म्हणजे उजेड आरपार जात नाही. मात्र ही भरणी आम्ही बेताने देतो, रंगाचं वजन बॉडीवर म्हणजे गाडीच्या सगळ्यात वरच्या भागावर चढतं. सगळं सुकल्यावर खिडक्यांचं मास्किंग काढून आतून स्मोकचा, म्हणजे धुरकट पारदर्शक रंगाचा, एक हलका हात मारायचा. बाकी ठिकाणी मागे काळा असल्याने तो कुठे दिसत नाही, काच तेवढी धुरकट होते.

नागपूरच्या हवेबद्दल लिहिलं नाही तर हे सगळं अपुरं. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला की एअरब्रशचा रंग बॉडीपर्यंत पोचेस्तोवर हवेतच सुकतो आणि आत भुकटी बसते, पृष्ठभाग खरखरीत होतो. तेव्हा प्रेशर २५ पीएसआयच्या खाली आणायचं, रंगात रिटार्डर (सुकणं लांबवणारा द्रव) घालायचा आणि अंतर कमी करायचं. कुलर बंद पाहिजे. तो दमट हवा फेकतो आणि त्याच्या ताट्यांमधला वाळ्याचा भुसा थेट ओल्या रंगात येतो. आम्ही उन्हाळ्यात पहाटे रंगवतो, दुपारी फक्त कापतो. डब्यावर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते. उन्हात उभ्या चारचाकीत डबे ठेवणाऱ्यांनी ती वाचावी. पावसाळ्यात लॅकरवर पांढुरकी झाक येते, आणि आतून रंगवताना ती पहिल्याच थरात आली तर बाहेरून कायमची दिसते. कंप्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा ट्रॅप नसेल तर जुलैत काम घेऊच नये. डिसेंबरच्या थंडीत डब्यातला दाब पडतो, नोझल थुंकायला लागतं. तेव्हा डबा ३५-४० अंशांच्या पाण्यात काही मिनिटं ठेवायचा. गॅसवर तापवलेल्या उकळत्या पाण्यात कधीही नाही.

आमचे सगळ्यात जुने ग्राहक म्हणजे अजनीचे काका, रेल्वेतून निवृत्त. त्यांची १/१० मापाची टूरिंग कार, रंगसंगती वर्षानुवर्षं तीच: नारिंगी, काळा पट्टा, छतावर पांढरा. नवी बॉडी टाकायला येताना ते फुटलेली जुनी बॉडी न चुकता आणत आणि टेबलावर ठेवत. "बघा, कुठून गेली." त्या फुटक्या बॉड्यांनी आम्हाला शिकवलं. चीर बहुतेक चाकाच्या कमानीत पुढच्या टोकाला सुरू होते, किंवा बॉडी पोस्टच्या, म्हणजे बॉडी चॅसीवर धरणाऱ्या खुंटीच्या, भोकापाशी. म्हणून कमान आम्ही कंपासने आखून वक्र कात्रीने कापतो, कोपरा टोकदार न ठेवता गोल ठेवतो आणि कड ४०० व मग ६०० च्या पॉलिश पेपरने घासतो. भोक ड्रिलने पाडत नाही, ड्रिल प्लॅस्टिकला पकडून चिरतं. रीमर या निमुळत्या, हाताने फिरवायच्या हत्याराने थोडं थोडं वाढवत साधारण ६ मिलिमीटरपर्यंत नेतो. भोकं बॉडी पारदर्शक असतानाच चॅसीवर ठेवून खूण करून पाडायची आणि बाहेरून टेपने बुजवून मग रंगवायचं. रंगवल्यावर पोस्ट कुठे आहे ते अंदाजाने शोधावं लागतं. पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांना आतून जिप्सम बोर्डच्या सांध्याला लावतात ती जाळीची टेप आणि बुटाचा रबरी गोंद, ही मजबुतीही काकांच्याच फुटक्या बॉड्या पाहून सुरू झाली.

काकांच्या त्या सवयीनेच पुढे आमचा धंदा वाचवला.

रंगवण्याबरोबर आम्ही डिकलचे, म्हणजे बॉडीवर लावायच्या स्टिकरचे, तक्ते विकत होतो. मागच्या विंगसाठी त्यात आमच्या दुकानाचं छोटं नावही असे. शहरातल्याच एका दुकानाने आमच्याकडून घाऊक तक्ते न्यायला सुरुवात केली आणि त्याबरोबर बॉडी रंगवून द्यायलाही, आमच्या निम्म्या दरात. रंग कुठला, तर चारचाकीच्या टचअपचा स्प्रे, ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो तो. धुणं नाही, एकच जाड हात, मागून लगेच काळा. काउंटरवर मात्र ती बॉडी आमच्या बॉडीइतकीच चमकायची. ग्राहकाने दोन्ही शेजारी ठेवल्या तर निम्म्या दराची उचलायचा, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता.

थंडीच्या रेसमध्ये त्या बॉड्या एकामागून एक सोलल्या. टचअपचा रंग कडक, थंडीत अधिकच. बॉडी धडकेत आत दबून परत बाहेर येते, तेव्हा आतला रंग तडकतो आणि नखाएवढे पापुद्रे चॅसीत, मोटरवर, गिअरमध्ये पडतात. विंगवर नाव आमचं. फोटो फिरले त्यातही नाव आमचं. ठरलेली कामं रद्द झाली, आगाऊ घेतलेले पैसे लोकांनी परत मागितले आणि आम्ही ते दिले. गाळ्याचं भाडं थकलं. दादांनी त्या काळात स्वतःचा हिस्सा उचलला नाही. ज्याने रंगवलं होतं तो सगळं बघत होता, त्याच्या तोंडून "हे काम माझं" एवढं वाक्य निघालं नाही. या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही, आणि तो लपवायचं कारणही दिसत नाही.

आमच्याकडे पुरावा होता. बॉडी आम्ही रंगवून झाल्यावर कापतो. खालची कातरून टाकायची कड बॉडीबरोबरच, त्याच थरांत रंगते. ती पट्टी आम्ही कामाची चिठ्ठी चिकटवून ठेवून देत होतो, रंग पुन्हा जुळवायला लागला तर असावी म्हणून. त्या पट्ट्यांचा गठ्ठा आणि काकांनी जपलेल्या जुन्या फुटक्या बॉड्या घेऊन आम्ही रेसच्या मैदानावर गेलो. पट्टी दुमडून दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली, रंग जागचा हलला नाही. मग रंग उद्योगात सर्रास चालते ती चौकटीची चाचणी केली: रंगाच्या बाजूला १ मिलिमीटर अंतरावर आडव्या-उभ्या रेघा कापायच्या, चिकटपट्टी दाबून बसवायची आणि झटक्यात ओढायची. आमच्या पट्टीवरून टेप कोरी निघाली. सोललेल्या बॉडीच्या तुकड्यावर तेच केलं, तर टेपवर सगळी चौकट उतरून आली. काकांच्या बॉड्या फुटलेल्या होत्या, कडा दातेरी झालेल्या, पण चिरेच्या काठापर्यंत नारिंगी शाबूत. त्यापुढे कुणाला काही सांगावं लागलं नाही.

गेलेली सगळी कामं लगेच परतली नाहीत. काही ग्राहक तर आलेच नाहीत. हळूहळू घडी बसली, पुढे टाळेबंदीही निभावली आणि आता नंदनवनला स्वतःची जागा आहे. डिकलच्या तक्त्यावर आता आमचं नाव नसतं. ते आम्ही पहिल्या रंगाच्याही आधी मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यात आतून, उलट्या अक्षरांत मारतो. स्टेन्सिल दादांनी कापलेलं आहे. तिथे नाव नसेल तर ती बॉडी आमची नाही.

स्वस्त काम घ्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण घेताना दुकानदाराकडे कातरलेली पट्टी मागा आणि त्याच्यासमोर दुमडा. डिकल लावताना कोपरे गोल कापा आणि पाण्यात साबणाचा थेंब टाकून सरकवत बसवा. बॉडी पुसायला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, ॲसिटोनने पॉलीकार्बोनेटला जाळीदार तडे जातात. बाहेरची संरक्षक फिल्म रंग, भरणी, कापणी सगळं झाल्यावरच सोला. आणि आमच्याकडे बॉडी पाठवायची तर न कापता, फिल्मसकट, खोक्यात उलटी न ठेवता पाठवा. तयार बॉडीबरोबर तिची पट्टी चिठ्ठीसकट तुम्हाला परत मिळते, अर्धी आमच्याकडे राहते. आधीच कापलेल्या बॉडीला पट्टी उरत नाही, म्हणून ती आम्ही घेत नाही.