सहा आर्कसेकंदांवरचे दोन ठिपके

फेब्रुवारीतल्या अमावास्येला काढलेल्या फोटोचं प्रोसेसिंग काल रात्री संपलं. त्यात दीर्घिकेच्या थोडं वर दोन निळसर ठिपके आहेत, अगदी जवळजवळ, पण वेगळे, मध्ये काळी फट दिसते इतके वेगळे. ती फट बघून मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. त्या फटीसाठीच दोन वर्षं धडपड चालली होती.

दीर्घिका म्हणजे एनजीसी ३०७९. सप्तर्षीतल्या पुलहपासून पश्चिमेला साधारण साडेआठ अंशांवर आहे, आपल्याला कडेवरून दिसते त्यामुळे फोटोत एखाद्या किंचित वाकलेल्या चकतीसारखी येते, अंतर अंदाजे पाच कोटी प्रकाशवर्षं. विल्यम हर्शेलला ती १७९० मध्ये सापडली. आणि तिच्यापासून पूर्ण चंद्राच्या जेमतेम अर्ध्या रुंदीइतक्या अंतरावर हे दोन ठिपके, पण त्यांचा या दीर्घिकेशी काहीही संबंध नाही, ते तिच्या कितीतरी मागे आहेत. त्यांचा प्रकाश निघाला तेव्हापासून जवळपास ९०० कोटी वर्षं गेलीत. पृथ्वीचं वय ४५४ कोटी, म्हणजे तो प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वी सोडाच, सूर्यसुद्धा जन्मला नव्हता, आणि तो प्रकाश माझ्या दुर्बिणीच्या आठ इंची आरशावर येऊन पडला. हे वाक्य मी कितीही वेळा स्वतःशी म्हटलं तरी अंगावर काटा येतोच.

आणि खरी गंमत पुढे आहे, ठिपके दोन असले तरी वस्तू एकच आहे! तो एक क्वासार आहे, म्हणजे एखाद्या लांबच्या दीर्घिकेच्या मध्यावरचं महाकाय कृष्णविवर आणि त्याच्याभोवती फिरणारा प्रचंड तापलेला वायू. वाटेत मधे एक मोठी लंबगोल दीर्घिका आहे, तिच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकतो आणि आपल्याकडे दोन वाटांनी पोचतो, म्हणून एकाचे दोन दिसतात. १९७९ मध्ये वॉल्श, कार्सवेल आणि वायमन या तिघा खगोलशास्त्रज्ञांनी दोन्ही ठिपक्यांचे वर्णपट घेतले, ते जवळपास सारखे निघाले, ताम्रसृतीही (प्रकाश लाल रंगाकडे किती सरकलाय ते) तीच, आणि गुरुत्वीय भिंगाचं आकाशात सापडलेलं ते पहिलं उदाहरण ठरलं. १९३६ मध्ये आइन्स्टाइनने लिहिलं होतं की एका ताऱ्यामुळे दुसऱ्याचा प्रकाश असा वाकलेला आपल्याला बघायला मिळण्याची फारशी आशा नाही, लगेच १९३७ मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी म्हणाला की ताऱ्यांचं राहू द्या, दीर्घिका हे काम करतील. झ्विकीचं खरं झालं. मला हा माणूस फार आवडतो.

आता फोटोबद्दल. दोन्ही ठिपके साधारण १७व्या प्रतीचे (प्रत हे तेजाचं माप, आकडा मोठा तितकी वस्तू अंधुक), म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सगळ्यात अंधुक ताऱ्याहूनही दहा हजार पटींहून जास्त अंधुक. ऐकायला भयंकर वाटतं पण ठिपका पकडणं खरं तर तितकं अवघड नाही, कारण त्याचा सगळा प्रकाश मोजक्या पिक्सेलांवर गोळा होतो, शहराच्या उजेडातूनसुद्धा तो वर येतो. दीर्घिकेचं तसं नसतं. तिचा प्रकाश पसरलेला असतो आणि तिच्या कडा तर रात्रीच्या अगदी काळ्या आकाशापेक्षाही फिक्या, म्हणजे आपण उजेडाच्या ढिगातून त्याहून कमी उजेड वेचत असतो. शहरात आणि चांगल्या अंधाऱ्या जागी आकाशाच्या उजळपणात तीन प्रतींचा फरक सहज असतो, तीन प्रती म्हणजे जवळजवळ सोळा पट, म्हणजे अंधारात एका तासात जे मिळतं त्यासाठी शहरात सोळा तास घालवायचे. तेजोमेघांना नॅरोबँड फिल्टर, म्हणजे ठरावीक रंगाचाच प्रकाश आत सोडणारा, लावून पळवाट काढता येते, पण दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला, फिल्टरने उजेड कापला की दीर्घिकाही कापली जाते. मला कुणी विचारलं की पुढचा खर्च कॅमेऱ्यावर करू की दुर्बिणीवर, तर मी म्हणेन गाडीत सामान टाक आणि अंधारात जा.

दोन वर्षांपूर्वी पहिला प्रयत्न केला तो अंधारातच, आकाश सुंदर होतं, दीर्घिका छान आली, पण क्वासारच्या जागी एक लांबुळका डाग. दोन ठिपक्यांमध्ये फक्त सहा आर्कसेकंदांचं अंतर, एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. माझी दुर्बीण १००० मिलिमीटर फोकल लेंथची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची, कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉन, म्हणजे एका पिक्सेलला ०.७८ आर्कसेकंद, सहा आर्कसेकंद म्हणजे सात-आठ पिक्सेल, कागदावर भरपूर जागा आहे, मग डाग का? बरेच दिवस मी सीईंगला, म्हणजे हवेच्या थरथरीला, दोष देत राहिलो, हवा खराब होती म्हणून सोडून दिलं. मग एक दिवस सगळे फ्रेम वेळेनुसार लावून बघितले तर पहिले दहा-बारा टोकदार आणि नंतर तारे हळूहळू फुगत गेलेले. फोकस! संध्याकाळी एकदा नीट जुळवला आणि नंतर हात लावला नाही, रात्र थंड होत गेली तशी धातूची नळी आकसली, आकसते किती तर केसाच्या जाडीइतकी, पण एफ ५ ला, म्हणजे फोकल लेंथ आरशाच्या रुंदीच्या पाचपटच असलेल्या दुर्बिणीला, फोकस बिघडायला तेवढं पुरतं.

या वेळी म्हणून दर तासाला थांबून बाख्तिनोव्ह मास्क, म्हणजे फोकस तपासायची खाचांची चकती, लावला, जवळच्या एखाद्या ठळक ताऱ्यावर जाऊन फोकस परत तपासला, मग परत जागेवर. कंटाळा येतो, वेळ जातो, तरी केलं. आरसा दोन तास आधी उघडा ठेवला होता हवेच्या तापमानाला यायला, कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवणं, अंधार पडायच्या आधीच करून घेतलं. ध्रुवीय जुळणीवर, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे लावण्यावर, मी फार वेळ घालवतो, मित्र वैतागतात, पण आकाश सेकंदाला पंधरा आर्कसेकंद सरकतं आणि मला सहा आर्कसेकंदांची फट हवी, तेव्हा माउंटची ढिलाई परवडणारच नाही. गायडिंगची, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंट सतत सुधारत राहण्याची, चूक रात्रभर पाऊण आर्कसेकंदाच्या आत राहिली, एवढी शांत हवा मला क्वचितच मिळालीये.

फेब्रुवारीत हा भाग बरोबर मध्यरात्रीच्या सुमारास मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडतो, त्यामुळे माउंट उलटवावा लागतो, मेरिडियन फ्लिप. तेव्हा मी नेहमी जवळ उभा राहतो, वायर कुठे अडकू नये म्हणून. लाल दिवा बंद केला, मोटरचा बारीक आवाज, दुर्बीण हळूहळू फिरून दुसऱ्या बाजूला आली आणि परत त्याच जागेवर स्थिरावली, आणि मी मान वर करून बघितलं तर सप्तर्षी इतका वर आणि आजूबाजूला इतके तारे की नेहमीची आकृती शोधावी लागली. फोटोत हे येत नाही.

तीन-तीन मिनिटांचे ९० फ्रेम घेतले, प्रत्येकाआधी फ्रेम किंचित सरकवून म्हणजे डिदरिंग करून. वारा आणि पातळ ढग यांनी १७ खाल्ले, ७३ राहिले, म्हणजे तीन तास चाळीस मिनिटांच्या आसपास. पहाटे आकाश फिकट झाल्यावर फ्लॅट, म्हणजे कडांचा काळपटपणा आणि धुळीचे डाग काढायला लागणारे एकसारख्या उजेडाचे फोटो, घेतले. घरी येऊन सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅकिंग, म्हणजे सगळे फ्रेम एकावर एक रचणं, उपग्रहांच्या रेषा सिग्मा क्लिपिंगने, म्हणजे बाकीच्या फ्रेमशी न जुळणारे पिक्सेल वगळून, गेल्या. प्रोसेसिंगमध्ये ठिपक्यांवर शार्पनिंग अजिबात केलं नाही हे मुद्दाम सांगतो, कारण हल्लीची टूल्स एका डागाचे दोन करूनही देतात आणि मला फट खरी हवी होती.

आता पुढचं. दोन वाटांची लांबी आणि वाटेतलं गुरुत्वाकर्षण सारखं नाही, त्यामुळे क्वासारमध्ये काही बदल झाला, तो थोडा उजळला किंवा मंदावला, तर तो आधी उत्तरेकडच्या ठिपक्यात दिसतो आणि दक्षिणेकडच्यात ४१७ दिवसांनी. हा आकडा नक्की किती यावर बरीच वर्षं वाद होता, कुणी ५०० च्या वर म्हणत होतं, १९९० च्या दशकात तो मिटला. म्हणजे माझ्या फोटोत एकाच वस्तूचे दोन वेगळे क्षण शेजारी बसलेत, चौदा महिन्यांच्या फरकाचे! आणि उत्तरेकडच्या ठिपक्यात त्या रात्री जे दिसलं तेच दक्षिणेकडचा ठिपका ४१७ दिवसांनी दाखवणार. मी मोजून बघितलं, ती रात्र पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये येते, चंद्राची तीन-चार दिवसांची कोर असेल, ती मावळली की आकाश मोकळं, आणि सप्तर्षी तेव्हा संध्याकाळपासूनच वर असतो. तारीख लिहून ठेवलीये. तीच दुर्बीण, तोच कॅमेरा, तीन मिनिटांचे फ्रेम.