"ताई, हे चित्र सुलटंच आहे ना?"

रात्रीचे साडेदहा वाजले असतील. मशीनमन काका छापलेला कागद घडी घालून माझ्यासमोर उभे होते. चित्रकलेवरच्या विशेषांकाचं काम चाललं होतं आणि शेवटच्या प्रूफवर सही माझी होती. एका मोठ्या कागदावर एकदम छापल्या जाणाऱ्या सोळा पानी फॉर्ममध्ये निम्मी पानं तशीही डोक्यावर उभी असतात, त्यामुळे मशीनवर कोणी उलटसुलट बघत नाही. पानांचा क्रम बरोबर लागतोय का ते पाहायला काकांनी घडी घातली, आणि ते चित्र त्यांच्या नजरेसमोर आलं.

रशियन चित्रकार वासिली कांदिन्स्कीचं 'कॉम्पोझिशन ८', १९२३ सालचं. वर्तुळं, त्रिकोण, एकमेकींना छेदत जाणाऱ्या रेघा. घर नाही, झाड नाही, माणूस नाही. मग वर काय आणि खाली काय, हे ठरवायचं कशावरून?

"तुम्हाला का शंका आली?"

"हा काळा गोळा बघा की. पार तळाला जाऊन बसलाय. चित्र पडल्यासारखं वाटतंय."

रंगांचे ठिपके तपासायचं भिंग उचललं आणि कोपरे धुंडाळले. वरच्या उजव्या कोपऱ्यात मोहरीएवढी खूण सापडली: कोनात बसवलेलं 'के' आणि २३ हा आकडा, दोन्ही डोक्यावर उभे. या चित्रावर सही खाली डावीकडे आहे. स्कॅन करताना पुस्तक उलटं ठेवलं गेलं होतं आणि तेव्हापासून चार जणांच्या हातांखालून चित्र तसंच पुढे सरकलं होतं. त्यातली चौथी मी.

शरमेची गोष्ट म्हणजे शेजारच्या पानावरचा लेखच मुळी आडव्या चित्राच्या हकिकतीने सुरू होत होता. कांदिन्स्की म्युनिकमध्ये एकदा तिन्हीसांजेला घरी परतला, तर स्टुडिओत भिंतीला टेकलेलं एक विलक्षण सुंदर चित्र त्याला दिसलं. विषय कळेना, दिसत होते ते फक्त आकार आणि रंग. जवळ गेल्यावर उलगडलं की ते त्याचंच चित्र, एका बाजूवर आडवं ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी लख्ख उजेडात तो अनुभव पुन्हा येईना, कारण चित्रातल्या वस्तू ओळखू येत होत्या. आपल्या चित्रांना वस्तूच मारक ठरताहेत, असं त्याच्या मनाने घेतलं. हा परिच्छेद मी तीनदा वाचला होता आणि त्यातले ऱ्हस्व-दीर्घ नीट केले होते.

संपादकांना फोन केला. चारही रंगांच्या प्लेटा नव्याने काढाव्या लागणार, म्हटल्यावर ते म्हणाले, "अहो, त्याला स्वतःला आडव्या चित्रातून वाट सापडली. आपलं उलटं गेलं तर कोणाला कळणार आहे?"

मशीनमन काकांना कळलं, असं मी म्हणाले. मग जरा चिडूनच पुढचं सगळं बोलले. ती संध्याकाळ योगायोगाची होती, त्यानंतरची वर्षं नव्हती. वकिलीचं शिक्षण घेतलेला हा माणूस, १८९६ मध्ये तिशीत प्राध्यापकीची संधी सोडून चित्रं शिकायला म्युनिकला आला. मॉस्कोच्या प्रदर्शनात फ्रेंच चित्रकार मोनेच्या चित्रातली गवताची गंजी त्याला कॅटलॉग वाचेपर्यंत ओळखता आली नव्हती आणि तरी ते चित्र मनातून जात नव्हतं. वस्तू गेली तर तिच्या जागी काय ठेवायचं, हा प्रश्न त्याला पुढे पंधरा-वीस वर्षं पुरला. १९१३ चं 'कॉम्पोझिशन ७' रंगवायला चारच दिवस लागले, पण त्याआधीची रेखाटनं आणि अभ्यासचित्रं तिसाहून जास्त. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवत असताना १९२६ मध्ये आलेल्या पुस्तकात तर त्याने कोऱ्या पृष्ठभागाच्याही चार बाजूंचे स्वभाव सांगितलेत: वरची बाजू हलकी, मोकळी; खालची दाट, जड. 'कॉम्पोझिशन ८' मधलं ते मोठं काळं वर्तुळ वर डावीकडे आहे. हलक्या जागेत जड वस्तू तरंगत ठेवलेली. आपण तिला तळाला नेऊन बसवली होती.

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग, "काढा प्लेटा."

(मथळ्यातला 'पहिला अमूर्त चित्रकार' मधला 'पहिला' मी आधीच उडवला होता. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंटने १९०६ मध्येच अमूर्त चित्रं काढायला घेतली होती. तेवढंच एक काम माझ्या हातून धड झालं होतं.)

प्लेटा येईपर्यंत काकांना मोंद्रियान या डच चित्रकाराची गोष्ट सांगितली. त्याचं रंगीत चिकटपट्ट्यांचं १९४१ चं एक चित्र दशकानुदशकं उलटं टांगलेलं असावं, असं २०२२ मध्ये जर्मनीतल्या डसेलडॉर्फच्या संग्रहालयातल्या तज्ज्ञांच्या ध्यानात आलं. आता फिरवावं तर पट्ट्या निखळायची भीती, म्हणून ते तसंच ठेवलंय.

"आपलं बरं," काका म्हणाले, "आपल्याला फक्त प्लेटा बदलायच्यात."

नव्या प्लेटा चढल्या. पहिला कागद त्यांनी हात लांब करून धरला, गोळा वर गेल्याची खात्री केली आणि मग माझ्याकडे दिला. मशीन सुरू झालं. मी अंकातली उरलेली चित्रं पुढ्यात घेऊन बसले, भिंग लावून एकेकाचे कोपरे तपासत. तीन चित्रांवर कुठेच सही दिसेना.

"काका," मी हाक मारली, "जरा इकडे येता का?"