आईचा ग्लॅडिएटर का वाळत होता

आईने लावलेला ग्लॅडिएटर गुलाब आता अकरा वर्षांचा आहे. फाटकाच्या आत डाव्या हाताला, आणि फुलं अशी की एक तोडलं तरी सगळी ओंजळ भरते. आई २०२१ ला गेली, तेव्हापासून त्याची छाटणी मीच करते, तिच्याच कात्रीने.

यंदा पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नेहमीसारखी छाटणी केली, आठ-दहा दिवसांत तांबूस फुटवे पण आले, आणि मग एके दिवशी दुपारी बघते तर सगळे कोंब माना टाकून. संध्याकाळी जरा सावरले. मला वाटलं ऑक्टोबर हीट आहे, पाणी कमी पडतंय, म्हणून पाणी वाढवलं. चार दिवसांत एक फांदी छाटलेल्या टोकापासून खाली काळी पडत आली. नर्सरीत फोटो दाखवला तर बघताक्षणी म्हणाले 'मर' आहे, म्हणजे डायबॅक.

आणि दिसत होतं अगदी तसंच. डायबॅकची बुरशी छाटलेल्या जखमेतून आत शिरते आणि फांदी वरून खाली काळी-तपकिरी होत जाते. मी काळ्या भागाच्या खाली दोन इंच, आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत कापलं, दर वेळी कात्री स्पिरिटने पुसली, १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना आणि १ लिटर पाण्याची बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप) करून सगळ्या टोकांना लावली. एवढं करून आठवड्यात अजून दोन फांद्या गेल्या. त्यातली एक तर मी यंदा छाटलीच नव्हती! तिथेच मला शंका यायला हवी होती. जखम नाही तर बुरशी शिरली कुठून? आणि बुरशी एकेक फांदी धरते, सगळं झाड एकाच दुपारी मान टाकत नाही. माती ओली असून झाड सुकतंय म्हणजे पाणी वर पोचतच नाहीये, एवढं साधं होतं ते.

दिवाळीला कराडहून मामा आले. त्यांचं सगळं आयुष्य उसात गेलंय. त्यांनी पानाकडे बघितलंच नाही, बुंधा धरून हलवला, आणि अकरा वर्षांचं झाड सैल खुंटीसारखं डुगडुगलं. "अगं, याला मूळच राहिलेलं नाही. खुरपं आण."

वीतभर खाली पांढऱ्या, जाडजूड, तपकिरी डोक्याच्या, वाकून गोल झालेल्या अळ्या. हुमणी, भुंगेऱ्यांच्या मुळं खाणाऱ्या अळ्या. मोजल्या, तेवीस निघाल्या. पांढरी मुळं एकही शिल्लक नव्हती, जाड मुळांची साल कुरतडलेली. म्हणजे फांद्या काळ्या पडणं हे नंतरचं, उपाशी झाडावर बुरशीने हात धुवून घेतलेले.

मामांनी एक अळी फरशीवर ठेवून दाखवली. पाठीवर उताणी सरपटणारी असेल तर ती कुजलेला पाला खाणारी, झाडाला काही करत नाही, आपल्या कंपोस्टमध्ये पण असते. ही पायांवरच चालायची धडपड करत होती. मग म्हणाले, "मे-जूनच्या वळवानंतर भुंगेरे कुठं बसतात? कडुलिंबावर, बाभळीवर. तुझ्या कंपाउंडबाहेर काय आहे?" कडुलिंब. मी त्याच्या सावलीचं कौतुक करत होते इतकी वर्षं. शिवाय जूनमध्ये मी पाटीभर शेणखत घातलं होतं, ते नीट कुजलेलं नव्हतं, हाताला गरम लागत होतं. भुंगेरे अंडी घालतात ती अशाच जागी, आणि अळ्या मोठ्या होऊन सगळ्यात जास्त खातात ते ऑगस्ट ते ऑक्टोबर. नेमकी माझ्या छाटणीची वेळ.

नखाने साल खरवडून बघितली तर बुंध्याजवळ अजून हिरवी होती, म्हणून झाड उपटून फेकलं नाही. मुळं धुतली, सडकी काढली, वरच्या फांद्या फूटभर ठेवल्या कारण उरलेल्या मुळांना त्याहून जास्त पोसवणार नाही, आणि नव्या मातीत कुंडीत लावून सावलीत ठेवलं. जुन्या खड्ड्यात कुजलेल्या शेणखतातून मेटारायझियम मिसळलंय, ती बुरशी हुमणीला रोगट करते.

नंतर एक वेगळीच धाकधूक. ग्लॅडिएटर रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरून, म्हणजे कलम करून केलेला, त्यामुळे फूट जोडाच्या खालून आली तर झाड जगेल पण आईचा गुलाब गेलेला असेल. सात पानं म्हणजे रानटी आणि पाच म्हणजे कलमी असं सगळे सांगतात, त्यावर विसंबू नका, चांगल्या कलमी गुलाबाला पण सात पानं येतात. फूट निघते कुठून तेच बघायचं, माती बाजूला करून.

काल सकाळी एक लाल डोळा दिसला. गुडघ्यावर बसून बोटाने माती सारली, चष्मा पुसून परत बघितलं. जोडाच्या वर आहे, बोटभर.