तिरकं बघितलं की दिसते ती हवा

मे महिन्यात देवगडच्या आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उभं राहिलं की डोक्यावर आभाळ निळं असतं, आणि पूर्वेचा घाट मात्र पुसून गेलेला. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की तोच घाट इतका जवळ येतो की घळी मोजाव्यात. बाबा आंबे उतरवायला निघताना एकदा तिकडे बघतात. "घाट दिसणा नाय आज. हवा मळली."

हवा दोन्हीकडे एकच. वर बघताना नजर धुरकटाचा थर सरळ पार करते, आडवं बघताना त्याच थरातून कोसच्या कोस जाते. हे मी लहानपणापासून बघत आले, पण त्याचं मोल कळलं ते मिसरबद्दल वाचताना.

मिसर हे नासाच्या टेरा उपग्रहावरचं उपकरण. 18 डिसेंबर 1999 ला टेरा वर गेला, 705 किलोमीटर उंचीवर. मिसरला नऊ कॅमेरे आहेत: एक थेट खाली बघणारा, चार पुढे, चार मागे. सगळ्यात तिरक्या कॅमेऱ्याची नजर 70.5 अंशांत जमिनीवर पडते, म्हणजे सरळ बघण्याच्या जवळजवळ तिप्पट हवेतून येते. सरळ बघताना हाती न लागणारं पातळ धुरकट तिथे उठून दिसतं. अगदी आमच्या घाटासारखं.

मी कागदावर हिशोब मांडून बघितला. टेरा दिवसा उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो. तो दिल्लीच्या अक्षांशावर असतानाच पुढे बघणारा सगळ्यात तिरका कॅमेरा देवगड बघतो. शेवटचा मागचा कॅमेरा बघतो तेव्हा तो मालदीवच्या मालेच्या अक्षांशावर पोचलेला असतो. मधे सात मिनिटं. एकाच गावाकडे नऊ वेळा वळून बघणं मला फार आवडलं.

बाबांना सांगितलं तर त्यांचा प्रश्न: "वरसून बघल्यार सगळा सपाटच दिसतला मां?"

सरळ बघितलं तर बरंचसं सपाटच. पण एसटीत खिडकीशी बसलं की जवळची कलमं भराभर मागे पळतात आणि घाट जागचा हलत नाही, तसंच इथे. उंचावरचा ढग किंवा वणव्याचा धूर उपग्रहाला जमिनीपेक्षा जवळ, म्हणून एका कॅमेऱ्यातून दुसऱ्यात जाताना तो जमिनीच्या मानाने जास्त सरकतो. त्या सरकण्यावरून उंची काढतात. सात मिनिटांत वाराही ढगाला ढकलतो. पुढचे-मागचे कॅमेरे मिळून तोही वेगळा काढता येतो. पेरणीआधी शेत भाजतो त्या आमच्या भाजावळीचा धूर मात्र मिसरच्या चित्रात हरवून जातो, त्याचा बारीकात बारीक ठिपकाच 275 मीटरचा.

जमिनीचंही तसंच. डिसेंबरात सड्यावरचं गवत वाळलेलं असतं. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन चाललं तर ते लख्ख उजळ. वळून सूर्याकडे तोंड केलं की तेच गवत काळपट, कारण आता काडीकाडीची सावली आपल्या बाजूला पडलेली. उघड्या कातळावर एवढा फरक पडत नाही. नऊ कोनांतून उजेड कसा बदलतो त्यावरून खाली झाडी आहे की मोकळी जमीन, याचा अंदाज घेतात तो असा.

गेल्या मार्चपासून मी वहीत रोज साडेदहाची नोंद ठेवते: घाट स्पष्ट, घाट अर्धा, घाट नाही. मी कामाला बाहेर असले तर बाबा सड्यावर जाऊन फोन करतात. काल त्यांनी सांगितलं, अर्धो.